टीव्हीतली पाल

आमच्या टीव्हीत पाल हाय, ह्ये शिरवळच्या माणसानं शिरवळात बसून सांगितलं, आन मी आटपाडीत बसून इस्वास ठिवला.

आमचा जुन्या गेमवाल्यांचा ग्रुप हाय. समदे चाळिशीचे बाप्ये, पर ल्हानपणीच्या व्हिडिओ गेमच्या फाइली एकमेकाला धाडत्यात. माझा कारभार समदा व्हॉइस मेसेजवर. (मी शाळा सोडली न्हाई, शाळंनं मला सोडलं!)

त्या दिवशी नवी फाईल भरली, गेमचा डबा जुन्या टीव्हीला जोडला, तर चित्र काळंपांढरं आन जत्रंतल्या पाळण्यागत वरखाली! आन टीव्ही कुणाचा? सासऱ्यानं लग्नात दिलेला! आबा त्याच सांजंला कवठे महांकाळवरनं येनार, आन पानी प्यायच्या आदी टीव्ही लावून बघनार.

"आबांच्या टीव्हीला काय झालं, तर मी त्यांच्यासंगंच म्हायेरी जानार," बायकोनं, सुमननं, बजावलं.

मी घाबरून ग्रुपवर इच्यारलं. शिरवळच्या सलीमभाईचा व्हॉइस मेसेज आला, "गड्या, फाईल अमेरिकेची हाय. तुझ्या टीव्हीत पाल हाय. जमंल कसं?"

सुमन म्हनली, "आवं, अमेरिकंत पाली नसत्यात व्हय?"

"नसत्याल! थंडीचा मुलूख त्यो!"

पिन काढली, स्क्रू काढून मागचं झाकण खोललं, केरसुणीनं कोपरा न् कोपरा झाडला. जळमटं निघाली, सुमनची टिकली निघाली, पाल न्हाई! मी मेसेज टाकला, "सलीमभाई, टीव्ही खोलला, पर पाल पळाली वाटतं!"

त्याचा फोनच आला. "खोलला? आरं येड्या, पाल म्हंजी इंग्रजीतलं पी-ए-एल, टीव्हीच्या चित्राची पद्धत! आपल्या टीव्हीची पाल, अमेरिकेची निराळी. झाकण लाव आदी!" हसून हसून त्याला ठसका लागला. मंग त्यानं पालवाली फाईल धाडली.

झाकण लावलं. देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. चित्र रंगीत! जाग्यावर! सुमननं पदरानं घाम पुसला, माझा न्हवं, टीव्हीचा!

तवर आबा दारात. टीव्ही लावला, बघून लय खूश. "बघ सुमे, माझी निवड! अजून खोलायची पाळी न्हाई आली!" मंग त्यांची नजर माझ्या मुठीकडं गेली. "जावई, ह्यो स्क्रू कशाचा हो?"

मी मूठ पाठीमागं लपवली. सुमन झटक्यात म्हनली, "त्यो टीव्हीचा न्हवं आबा, तुमच्या जावयाचा. कवापास्नं ढिला हुता, आज पडला!"

"व्हय आबा," मी म्हनलो, "डोक्याचाच हाय!" टीव्ही वाचला हुता गड्या, डोकं काय, तसं बी वापरात न्हवतं!