इंटरनेटचं उद्यापन

आमच्या सासूबाईंनी इंटरनेटचं उद्यापन केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. सोळा सोमवारांचं करतात, तसंच रीतसर केलं. पुरणपोळ्या झाल्या, सवाष्णी जेवल्या, ओट्या भरल्या. फक्त ज्याच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ते इंटरनेट ऐन वेळी दगा देऊन गेलं, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार होते.

नाशिकच्या भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या पूजेच्या भांड्यांचं दुकान. खाली दुकान, मागच्या खोलीत दोन तांबटांची ठोकाठोकी, आणि वर आम्ही. मी सून म्हणून आले तेव्हा पहाटे त्या ठोक्यांनी दचकून उठायचे. पुढे त्यांच्याशिवाय झोप पुरी झाल्यासारखं वाटेना. पण स्टीलने आधी स्वयंपाकघर घेतलं, मग देवघर, आणि गिऱ्हाईक येईनासं झालं. शेवटी नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दसऱ्याला गाळा एका मोबाईलवाल्याला द्यायचं कबूल केलं. दोघा तांबटांना त्यांनी स्वतःच दुसरीकडे काम बघायला सांगितलं. दोघंही त्यांच्याच वयाचे, एकत्र म्हातारे झालेले. त्या दिवशी नाना जेवले नाहीत.

"दसऱ्यापर्यंत काही झालं तर झालं," एवढंच म्हणाले. ते 'काही' म्हणजे आमची वेबसाइट होती आणि ती मी केली होती!

लग्नाआधी मी सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. (त्यातले दोन महिने चित्रं रंगवण्यात आणि एक महिना वीज नसण्यात गेला.) तेवढ्या भांडवलावर घरात कॉम्प्युटरच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा मानला जाई, आणि मला त्याची फार गरज होती. कारण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आंबट ताकाची कढी केली होती. ती कळकून हिरवट-कडवट झाली आणि सगळं घर दोन दिवस आडवं पडलं. भांड्यांच्या दुकानदाराच्या घरात हे व्हावं! तेव्हापासून माझी जी काही अब्रू उरली होती, ती त्या कॉम्प्युटरच्या खोक्यात होती.

तर वेबसाइट झाली. तिच्यावर लुकलुकणारी समई होती आणि खाली किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा होता. त्यातले बहुतेक लोक म्हणजे मीच. सर्चमध्ये 'नाशिक, तांबं, पितळ, पूजेची भांडी' असे शब्द इंग्रजीत टाकले की आम्ही सदतिसाव्या पानावर सापडायचो. नाना रोज चहाच्या वेळी जिना चढून यायचे आणि दवाखान्यातल्या पेशंटची चौकशी करावी तशा आवाजात विचारायचे, "आज कुठवर?"

माझा धाकटा भाऊ मिलिंद पुण्याला वेबसाइटच्याच धंद्यात नोकरीला. त्याला फोन केला. तो म्हणाला, पानावर ते शब्द दोन-चार वेळा तरी यायला हवेत, म्हणजे सर्चला कळतं की तुम्ही काय विकता. फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले आणि माईंना, म्हणजे सासूबाईंना, माझ्या भाषेत समजावलं: जितक्यांदा शब्द लिहू, तितके आपण वर. 'दोन-चार' हा आकडा मी वाटेतच कुठेतरी सांडला होता.

माईंचा चेहरा उजळला. "अगं, मग हा लिखित जपच की!"

आता लिखित जप हा माईंचा प्रांत. रामनामाने भरलेल्या त्यांच्या वह्यांनी एक अख्खं कपाट अडलेलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे हातावर पाणी सोडलं आणि अकरा हजारांचा संकल्प केला. मी म्हटलं, माई, एवढं कशाला, एक ओळ लिहायची आणि कॉपी करून चिकटवत जायची, पाच मिनिटांचं काम. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कढीच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

"वसुधा, रामनामाची झेरॉक्स काढलेली चालते का कुठे?"

चालत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसापासून भजनी मंडळाच्या पाच बायका दुपारी आमच्याकडे यायला लागल्या. पाय धुवायचे, कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहायचं आणि पाटावर नव्हे, खुर्चीवर बसायचं (ही एवढीच सवलत). टाईप करताना मौन. शेजारी एक जण माळ घेऊन बसायची. एकशे आठ ओळी झाल्या की एक माळ, मग दुसरीचा नंबर. मधे चूक झाली तर ती ओळ पुसून पुन्हा, कारण अशुद्ध जप पोचत नाही. माझ्या नवऱ्याला स्वतःची ई-मेल बघायची तरी माळ संपायची वाट बघावी लागे. असे एकवीस दिवस.

सगळ्यात तरबेज निघाल्या वणीच्या कमळाबाई. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण मंडळात पेटी त्या वाजवत. त्यांनी पेटीच्या पट्ट्यांसारखी कळांची जागा पाठ केली आणि तिसऱ्या दिवसापासून दोन्ही हातांनी वाजवायला लागल्या. वर मलाच म्हणाल्या, "लय हळू हाय बाई तुमचं मशीन. माझं बोट उचलून झालं तरी ह्याला पत्त्या नाय."

राहता राहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. पान उघडलं की समईखाली तेच ते शब्द हजारो वेळा; माणूस पळूनच जाईल. इथे माझा कोर्स कामी आला. पान पांढरं होतं, म्हणून मी अक्षरंही पांढरी केली. सर्चला दिसतील, माणसाला दिसणार नाहीत! माई माझ्यावर इतक्या खूश कधीच झाल्या नव्हत्या. म्हणाल्या, हे तर गुप्तदान झालं.

आणि खोटं कशाला बोलू, आम्ही वर गेलो. आधी विसावं पान, मग नववं, आणि श्रावण लागता लागता पहिल्या पानावर, तिसऱ्या जागी! नानांनी पेढे वाटले. दुकानावर रंगाऱ्याकडून पाटी लिहून घेतली: 'इंटरनेटवर पहिल्या पानावर'. समोरचे स्टीलवाले शेठ ती पाटी वाचून रोज एक खोकला काढायला लागले. मिलिंदला मी फक्त नंबर कळवला, पद्धत कळवली नाही. आपली विद्या अशी फुकट कशाला वाटायची?

संकल्प पुरा झाला, म्हणजे उद्यापन आलं. श्रावणातल्या शुक्रवारी घरात पुरणाचा घमघमाट. पाचही जपकर्त्या नव्या लुगड्यांत. नानांनी स्टीलवाल्या शेठना मुद्दाम बोलावलं होतं, आणि मोबाईलवाल्यालाही, म्हणजे त्याने आपण होऊन माघार घ्यावी. जेवणं झाल्यावर विडे वाटले गेले आणि नाना खुर्चीवर बसले. त्यांनी एका बोटाने, सावकाश, ते पवित्र शब्द टाईप केले.

पहिल्या पानावर आम्ही नव्हतो. दुसऱ्यावर नव्हतो. नवव्यावर नाही, विसाव्यावर नाही. मी म्हटलं, थांबा, लाईन स्लो असेल. (ही सबब मी कोर्समध्येच शिकले होते.) सदतिसाव्या पानावरही, जे आमचं हक्काचं पान होतं, तिथेही कोणी दुसराच बसलेला. शेवटी दुकानाचं पूर्ण नाव टाकलं, पत्त्यासकट. काही सापडलं नाही. स्टीलवाले शेठ विडा चघळत शांतपणे म्हणाले, "नाना, पाटीवर तारीख घालायला हवी होती."

मिलिंदला फोन लावला आणि या वेळी सगळं सांगितलं.

"ताई, पांढऱ्यावर पांढरं? अकरा हजार वेळा?"

मग तो म्हणाला की याला ते लोक फसवणूक समजतात, आणि म्हणून त्यांनी आपल्याला यादीतूनच काढून टाकलंय. फोन स्पीकरवर होता. 'फसवणूक' हा शब्द सगळ्या खोलीने ऐकला. माई मटकन खाली बसल्या. म्हणाल्या, "एक ओळ चिकटवली नाही आम्ही. बोटं सुजली बायकांची." आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिथेच कबूल केलं की मिलिंदने दोन-चारदाच सांगितलं होतं, अकरा हजारांचा रस्ता मी दाखवला, आणि अक्षरं पांढरी करायची अक्कलही माझीच. माईंनी पदराने डोळे पुसले. "कढीलासुद्धा तू असंच अंदाजाने पातेलं घेतलं होतंस," एवढं बोलून त्या उठल्या आणि पाहुण्यांना सरबत द्यायला गेल्या.

पण माई हार मानणाऱ्या नव्हेत. मिलिंद म्हणाला होता की चूक दुरुस्त करून माफीचा अर्ज करता येतो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला अर्ज सांगितला: आम्ही पाच बायकांनी श्रद्धेने केलं, पाप आमच्या मनात नव्हतं, सून शिकलेली आहे पण अजून लहान आहे, तरी पदरात घ्यावं. मी त्याचं इंग्रजी केलं. 'पदरात घ्यावं'चं काय केलं ते मला आता आठवत नाही.

अकरा हजार ओळी पुसल्यावर पान भकास दिसायला लागलं. आता यावर लिहायचं काय? मिलिंद म्हणाला, दुकानात लोक जे विचारतात त्याची उत्तरं लिहा, आणि मराठीत लिहा, कारण या विषयावर मराठीत अजून कोणी काही लिहिलेलंच नाही. माई तीस वर्षं गल्ल्याशेजारी बसून हीच उत्तरं देत आल्या होत्या. तांब्याचा कलश काळा का पडतो? चिंच आधी लावायची की मीठ? अस्सल पितळ कसं ओळखायचं? देवाचं ताम्हन घरच्या भांड्यांत घासलं तर चालतं का? त्या सांगत गेल्या, मी टाईप करत गेले. एका प्रश्नाचं एक पान, शब्द लागतील तेवढेच, आणि अक्षरं काळी कुळकुळीत. पितृपक्षात मी चार दिवस मनमाडला माहेरी गेले, तेव्हा कमळाबाईंनी काम पुढे चालू ठेवलं. मराठीच्या कळाही त्यांनी एव्हाना पाठ केल्या होत्या.

अर्जाला उत्तर आलं नाही, पण घटस्थापनेच्या सुमारास आम्ही गुपचूप पुन्हा यादीत आलो. नाना मात्र आता जिना चढत नव्हते. तांबटांनी हत्यारं पोत्यात बांधून ठेवली होती. मागची खोली गप्प होती, आणि मला सकाळी पुन्हा दचकून जाग यायला लागली होती, या वेळी शांततेने.

अष्टमीला एक ई-मेल आली, अमेरिकेतून, चक्क मराठीत. तिथल्या मराठी मंडळातल्या एक बाई होत्या. माघातल्या गणेशजयंतीला एकशे आठ जण एकत्र बसून आवर्तनं करणार होते. त्यांना एकशे आठ ताम्हनं, तितकीच पंचपात्रं आणि पळ्या हव्या होत्या, सगळं हाताने ठोकलेलं. आम्हाला वेळेत जमेल का?

मी ती मेल मोठ्यांदा वाचली. मग नानांनी ती स्वतः वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. चपला घालून ते आधी तांबटांच्या घरी गेले आणि मग मोबाईलवाल्याकडे, शब्द मागे घ्यायला. आयुष्यात दिलेला शब्द त्यांनी तेवढा एकदाच मोडला, आणि परत येताना गुणगुणत आले. दसऱ्याच्या सकाळी हत्यारांची पूजा झाली आणि खालून पहिला ठोका ऐकू आला. मी पोळ्या लाटत होते. मला इतकं रडू आलं की पुढच्या दोन पोळ्यांना मीठ वेगळं घालावं लागलं नसेल.

नाना बाजारभर सांगत सुटले की सुनेच्या कॉम्प्युटरने दुकान वाचवलं. मीही नाही म्हटलं नाही. फक्त त्या ई-मेलच्या शेवटी एक ओळ होती, ती मी मोठ्यांदा वाचताना गाळली होती, आणि नानांनी बाजारात सांगताना गाळली. बाईंनी लिहिलं होतं: सासूबाईंनी दिलेल्या पितळी पातेल्यात मी कढी करणारच होते, म्हणून सर्चमध्ये मराठीत विचारलं, तुमचंच पान पहिलं आलं आणि आम्ही सगळे वाचलो, तुमच्या सूनबाई आता बऱ्या आहेत ना?

एवढं एक पान मी टाईप केलेलं नव्हतं. मी मनमाडला असताना माईंनी ते कमळाबाईंकडून करून घेतलं होतं. 'कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात कढी केली तर काय होतं?' असा प्रश्न आणि खाली उत्तर: 'आमच्या सुनेने, वसुधाने, केली होती.' पुढे सविस्तर हकिगत, कोण किती वेळा उठलं त्यासकट. आमच्या वेबसाइटवर आजही सगळ्यात जास्त लोक तेच पान वाचतात. परवा नांदगावला एका लग्नात एका अनोळखी बाईंनी मला माझं नाव विचारलं, आणि वाढप्याला हाक मारून माझ्या पानातली कढीची वाटी उचलायला लावली.

पहिल्या नंबरावर यायचं होतं, आले. त्या पानावर माझं नाव किती वेळा आलंय ते मी एकदा मोजलं. अकरा वेळा! एकेक अक्षर हाताने टाईप केलेलं, एकही चिकटवलेलं नाही.