काकांच्या बागेतली कळी

खुलताबादकडच्या आमच्या शिवारात डाळिंबाच्या कळ्यांची विरळणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या बागेत, उद्या दुसऱ्याच्या. सुरुवात वयानं थोरल्या माणसाकडून करायची. त्या वर्षीही ती वडिलांच्या चुलतभावाकडून, म्हणजे काकांकडून झाली. मी शहरात वर्तमानपत्रात होतो. सुट्टी काढून भावाच्या मदतीला आलो होतो.

माणसं अजून चहा पीत होती. काकांनी मला कडेच्या झाडापाशी नेलं आणि हातात एक कळी ठेवली.

"पेपरवाल्या, जवान डोळे हायत तुझे. बघ बरं."

कळीच्या देठाजवळ तेलकट डाग होता. उन्हात धरल्यावर तो आरपार चमकला. शेतीच्या पानासाठी लिहिताना एक साधी चाचणी शिकलो होतो. डागाचा पातळ काप ग्लासभर स्वच्छ पाण्यात सोडला आणि भिंग धरलं. कापाच्या कडेतून धुरासारखी पांढुरकी रेघ निघत होती. बुरशी असती तर अशी रेघ दिसली नसती.

एव्हाना सगळे भोवती जमले होते. भावानं विचारलं, "काय निघालं?"

"जिवाणू. तेल्या असावा. पक्कं प्रयोगशाळेत कळेल."

बातमी सांगावी तसं सांगितलं.

एक वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, मी तर येता येता चार झाडं हाताळली!" त्यांनी हात धुतले. मग बाकीच्यांनीही धुतले. हातांवरून रोग पसरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊ पुटपुटला, "आपलीबी बाग फुलावर हाय." थोड्या वेळात बागेत काका-काकू दोघंच उरले. मी भावाच्या मागोमाग निघालो होतो.

नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत दिले. अहवाल तेल्याचाच आला. काकांना फोन केला. रोगट फांद्या कापून जाळून झाल्या होत्या.

"मला आधीच कळलं होतं रं," ते म्हणाले. "पानावर दिसला तवाच."

"मग मला कशाला दाखवलंत?"

"खातरी करायला. तू व्हय म्हणला असतास, की मीच सगळ्यांना सांगणार होतो, माझ्या बागेत हात घालू नका म्हणून. तेवढं बोलणं माझ्याकडं ठेवायचं होतंस." मग म्हणाले, "आता लोक म्हणत्यात, म्हाताऱ्यानं लपवलं."

मी म्हणालो, सगळ्यांना सांगतो.

"नको. तू लई सांगितलंस."