विहीणबाईंची ब्लॅकबेरी

आमच्या विहीणबाईंना उद्या साक्षात कल्पवृक्षाखाली नेऊन उभं केलं, तरी त्या काही मागणार नाहीत, आधी विचारतील, “रोप कलमी हाय का बियांचं?” दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यात जन्म काढून त्या नाशकात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आल्या, पण नजर मळ्यातच राहिली. माझ्या लेकीच्या लग्नात मी मानाची साडी घेऊन ताटकळतेय, आणि या तोरणाची पानं उलटीपालटी करून भुरीचा रोग शोधताहेत! मी तेव्हा पन्नाशीची, एम.ए. झाल्याचं कपाळावर लिहून हिंडणारी. ‘कुठल्या घरात मुलगी दिली!’ म्हणून दोन दिवस जेवले नाही. म्हणजे चारचौघांत जेवले नाही. रुखवतातल्या लाडवांचं काय झालं ते विचारू नका.

आम्हा दोघींना मिळून नात एकच, तीही परदेशात. गेल्या वर्षी ती फोनवर म्हणाली, “मे महिन्यात येतेय. तिकडे ब्लॅकबेरी मिळते का गं?” झालं. पोरीनं आपल्या अंगणातलीच तोडून खाल्ली पाहिजे, म्हणून विहीणबाई मला घेऊन रोपवाटिकेत. तिथे मुलगी बघायला गेल्यासारख्या चौकशा. “मावशी, बिनकाट्याची घ्या, तोडायला सोपी,” पोरगेला मालक म्हणाला. “काटंच नाय त्या झाडाला राखण्यासारखं काय असणार?” मग थंडीचा प्रश्न. बिनकाट्याच्या त्या जातीला फळ धरायला थंडी जास्त लागते, काटेरीला नाशिकची पुरते, असं कळल्यावर काटेरी पसंत पडली. “हिच्या जुन्या काड्यांनाच उन्हाळ्यात फळ येतं बरं का,” मालकानं बजावलं. विहीणबाई मुळ्या तपासण्यात गर्क. मी ऐकलं, पण द्राक्षवालीला मी काय शिकवणार, म्हणून गप्प बसले.

ऑक्टोबर आला की द्राक्षवाल्यांचे हात शिवशिवतात. द्राक्ष धरतं ते छाटणीनंतरच्या नव्या फुटीवर. विहीणबाईंनी त्याच हिशोबानं ब्लॅकबेरीच्या सगळ्या जुन्या काड्या सपासप उतरवल्या आणि समाधानानं माझ्याकडे चहाला आल्या.

मे महिन्यात नात आली तेव्हा झाडाला पानंच पानं. विहीणबाई पदराचं टोक चिमटीत धरून तिच्यापुढे उभ्या. “माझ्याच हातानं कापलं गं बाई.”

त्यांचा तो चेहरा मला बघवेना. “मला ठाऊक होतं. मीच बोलले नाही,” मी म्हणाले.

“एवढी एमे झालेली बाई, अन् नेमकं तवाच तोंड शिवलं व्हय!” असं म्हणून त्या इतक्या हसल्या की नातीनं त्यांना धरून ओट्यावर बसवलं. “पुढच्या मेमध्ये परत येते,” ती म्हणाली.

यंदा ऑक्टोबर लागताच विहीणबाईंनी छाटणीची कात्री माझ्या कपाटात आणून ठेवली. “ताई, मी मागितली तरी देऊ नका.” आता रोज संध्याकाळी येतात. “नुसती धार बघते,” म्हणतात. मी देत नाही. मग आम्ही त्यांच्या अंगणात जाऊन कुंपणावरून पलीकडे झुकलेल्या काड्या बघतो. आमच्या वयाला पुढचा मे फार लांब असतो. पण थंडी नीट पडली म्हणजे झालं, असं त्या म्हणतात, आणि काट्यात अडकलेला माझा पदर हलक्या हातानं सोडवून देतात.