कडक भाकरीची परीक्षा

अप्पांनी बसवलेली कवळी घेऊन कोणी सरळ घरी गेला, असं कधी झालं नाही. नवे दात तोंडात बसले की अप्पा त्या माणसाला खुर्चीवरून उठवत आणि मागच्या सोप्यात नेत. तिथं त्यांच्या पत्नी गंगाक्का कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दह्याची वाटी मांडून बसलेल्या असत. पापडासारखी वाळलेली ती भाकरी नव्या दातांनी मोडायची आणि तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला पाहिजे, ही अप्पांची परीक्षा. समोर ते स्वतः मांडी ठोकून बसत, कारण त्यांच्याही तोंडात कवळीच होती. मग दोघांची शर्यत लागे. "आवाज आला पाहिजे," ते म्हणत. "नुसते दिसायला दात कशाला? ते तर पाटीवरबी हायत."

पाटीवर होतेच. नळदुर्गात तेव्हा निजामाचा अंमल. अप्पांच्या दारावर उर्दूत नाव आणि खाली रंगवलेली दातांची जोडी होती. रंगाऱ्याने ती अशी काढली होती की मी लग्न होऊन आले त्या दिवशी मला ती बाजाची पेटी वाटली. आमचं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून. दुसऱ्याच दिवशी मी पाण्याची घागर घेऊन जात असताना अप्पा एका रडणाऱ्या पोरासमोर उभे होते. त्यांनी तोंडातली कवळी काढली, हातात धरून टाळ्या वाजवाव्यात तशी वाजवली आणि पुन्हा तोंडात घातली. पोर हसायला लागलं. मी घागर टाकून घरात पळाले, आणि पुढे कित्येक वर्षं मला पाहिलं की अप्पा आधी विचारायचे, "सूनबाई, घागर भक्कम धरलीस न्हवं?"

काम ते हैदराबादेत एका मोठ्या डॉक्टरांकडे रीतसर शिकले होते. येताना मोटारीच्या टपावर खुर्ची बांधून आणली आणि वाटेत पाऊस लागला तेव्हा स्वतः वर चढून तिच्यावर छत्री धरून बसले, असं गंगाक्का सांगायच्या. दात काढताना मात्र ते कधी खोटं बोलत नसत. "दुखंल," ते आधीच सांगत. "पण तुमच्यापरीस मला जास्त वाईट वाटंल, आणि ते कुणी इचारत न्हाय." मग कानडीत, तोंड उघडा म्हणून, "बायी तेगीरी," असं इतक्या आदराने म्हणत की माणूस निमूट तोंड उघडायचा. कोणी मोबदल्यात भोपळा आणला तर त्यालाच जेवायला ठेवून घ्यायचे. संसार कसा चालायचा ते गंगाक्कांनाच ठाऊक.

माझ्या सासूबाईंचे दात लवकर गेले होते. त्या भिंतीकडे तोंड करून जेवत आणि पदराआडून बोलत. त्यांना मरणाची भीती नव्हती, पण मेल्यानंतरची होती. आम्हा लिंगायतांत देह आडवा ठेवत नाहीत. विभूती लावून बसवतात आणि सगळं गाव दर्शनाला येतं. "बोळकं तोंड घेऊन मला लोकांपुढं बसवू नगा," असं त्या मला पुन्हा पुन्हा सांगत. मी ते अप्पांच्या कानावर घातलं. ते त्याच दिवशी आमच्या घरी आले आणि मेणावर सासूबाईंच्या हिरड्यांचा ठसा घेऊन गेले.

पण तेव्हा मोठी लढाई चालू होती. कवळीतले दात विलायतेहून यायचे, ते येणं बंद झालं. हिरड्या लाल रबराच्या, त्या अप्पा इथंच बनवत, पण दात कुठून आणायचे? "बघू," एवढंच म्हणाले. आणि एके दिवशी तयार कवळी घेऊन उभे राहिले. दात कुठं मिळाले विचारलं तर हैदराबादेत एकाकडे शिल्लक होते म्हणाले. सासूबाईंनी परीक्षा अशी दिली की रस्त्यावरचा टांगेवाला हसनमियाँ आत डोकावून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना तोंडावर पदर न घेता हसताना पाहिलं. त्या दिवशी अप्पा मात्र शर्यतीला बसले नाहीत. पोट बिघडलंय म्हणाले.

नंतर त्यांचं पोट बरं झालंच नाही. भाकरी दुधात कुस्करून खायला लागले आणि हसताना उपरण्याचं टोक तोंडावर धरायला लागले. नव्या नवरीसारखे लाजता काय, म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो, आणि ते उपरण्याआडून आणखी हसायचे. लोकांच्या कवळ्या मात्र होतच राहिल्या. हसनमियाँची झाली. बेंबळीच्या एका मास्तरांना दातांवाचून वर्गात बोलता येईना, त्यांचीही झाली. परीक्षेला समोर कोणी नसायचं. अप्पा दाराशी उभे राहून कान देऊन ऐकायचे.

सासूबाई गेल्या त्या सकाळी अप्पा चप्पल न घालता धावत आले. जबडा ताठला होता, आमच्यापैकी कोणाला कवळी बसवता येईना. अप्पांनी गरम पाण्यात फडकं पिळून त्यांच्या गालांना शेक दिला, आणि त्या जिवंत असाव्यात तसं हळूच म्हणाले, "बायी तेगीरी, आक्का." कवळी बसली. सासूबाई भरल्या तोंडाने, थोड्या हसऱ्या अशा बसल्या, आणि गावाने त्यांचं तेच रूप पाहिलं. हात धुताना अप्पा मला म्हणाले, "कसं करायचं ते बघितलंस न्हवं? माझ्या वेळी तूच कर. रडकं तोंड घेऊन म्या कधी कुणाकडं गेलो न्हाय." मी असलं बोलू नका म्हणून रागावले.

निजामाच्या शेवटच्या वर्षात गावात रझाकारांची भीती भरली. रोज कोणी ना कोणी गाडी जोडून सोलापूरकडे निघून जाई. अप्पांनाही लोक चला म्हणाले. कितीतरी जणांची तोंडं अर्धी झालीत, त्यांना तसंच टाकून कुठं जाऊ, असं म्हणून ते राहिले. माझे यजमान दुकान सोडायला तयार नव्हते, म्हणून आम्हीही राहिलो. त्यातच अप्पांना ताप आला. रस्ते बंद, औषध मिळेना. चार-पाच दिवसांत अप्पा गेले.

दर्शनाला गाव नव्हतंच. जी थोडी माणसं उरली होती ती अंगणात उभी होती. गंगाक्का मला म्हणाल्या, "त्यांनी तुला सांगून ठेवलंय." मी फडकं गरम पाण्यात पिळलं, त्यांच्या गालांना शेक दिला आणि कोनाड्यातल्या पितळी वाटीतून त्यांची कवळी उचलली. मागच्या दोन-तीन दाढा होत्या. पुढं नुसतं लाल रबर होतं, आणि दातांच्या खळग्या मेणाने बुजवलेल्या होत्या.

मी गंगाक्कांकडे पाहिलं. "पुढचे तुझ्या सासूला दिले," त्या म्हणाल्या. "उरलेल्यातले थोडे हसनभाईला, थोडे मास्तरला. रबर तापवून आपलेच काढायचे. नवा माल आला की माझे बसवीन म्हणायचे. लढाई सरली, माल आला, त्योबी दुसऱ्यालाच दिला."

माझ्या सासूबाई ज्या हसऱ्या तोंडाने गेल्या ते हसू या माणसाच्या तोंडातलं होतं, आणि त्यांच्याबरोबर ते मातीत गेलं होतं. मी "बायी तेगीरी, अप्पा," म्हटलं आणि कवळी बसवली. गाल थोडे वर आले. पुढचे ओठ आत गेले ते गेलेच. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती आणि ती काही मला करता आली नाही. गंगाक्का माझ्या हातातून फडकं घेत म्हणाल्या, "कुणाला सांगू नगंस. हसनभाईच्या, मास्तरच्या घशाखाली घास उतरायचा न्हाय."

पुढे राज्य बदललं, गेलेली माणसं हळूहळू परत आली. एके दिवशी गंगाक्कांनी काही जणांना जेवायला बोलावलं. बेंबळीचे मास्तर आले. राज्य बदलल्यापासून गावातले मुसलमान घराबाहेर पडायला बिचकत, म्हणून हसनमियाँला गंगाक्का स्वतः जाऊन घेऊन आल्या. सोप्यात पानं मांडली. कडक भाकरी, शेंगांची चटणी, दही. अप्पांची जागा तेवढी मोकळी होती. आधी कोणी भाकरीला हात लावेना. मग हसनमियाँने एक तुकडा मोडून तोंडात घातला, त्याच्या मागे मास्तरांनी.

गंगाक्का आत चुलीपाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या. बाहेरून कडाकडा आवाज यायला लागला तसा त्यांचा हात थांबला.

"आवाज यायलाय न्हवं, सूनबाई?" त्यांनी विचारलं.

मी व्हय म्हटलं. मग त्यांनी डोळे पुसले, आणखी भाकरी काढून माझ्या हातात दिल्या आणि बाहेर वाढायला सांगितल्या.