ट्वायला काट्यावर उभी राहते

मी तंबूतल्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडले आणि राण्या पुष्कळ केल्या. पुठ्ठ्याचे मुकुट, काचेचे हिरे आणि खऱ्या टाळ्या. पण अस्सल राणीचा प्रवेश पाहिला तो म्हातारपणी, ॲरिझोनातल्या एका ट्रकथांब्यावर. मुकुटाच्या जागी नवऱ्याची मळकी टोपी होती आणि सिंहासन होतं पिकअपच्या सीटवर ठेवलेली उशी. उशीशिवाय तिला काचेपलीकडचं दिसत नसे.

ट्वायला हौगेन माझी हिवाळ्यातली शेजारीण. तिकडे नॉर्थ डकोटात गहू बर्फाखाली गेला की ती आणि तिचा नवरा डेल्मर आमच्या वाळवंटातल्या तळावर यायचे. तिचा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला. चारशे पोरांची बटाट्याची भाजी ती अंदाजाने करायची आणि मीठ कधी चुकायचं नाही.

डेल्मरला दगडांचा नाद. तळावर निम्म्या लोकांना तो असतोच. आमचे कॅम्पर म्हणजे चाकांवरची घरं, आणि त्यांचं नाक पिकअपच्या हौद्यातल्या लोखंडी तबकडीवर टेकतं. घर नुसतं ओढायचं नसतं, त्याचा थोडा भार पाठीवरही घ्यायचा असतो. डेल्मर सगळे दगड त्या नाकातल्या कप्प्यात भरायचा, कारण कुलूप तिथेच होतं. मग पिकअपचं बूड खाली बसायचं, तोंड वर उठायचं आणि दिवे झाडांवरच्या पाखरांना उठवायचे.

"अगं, ओढतोय की ट्रक!" तो म्हणायचा.

"ओढतोय रे. पण पाठ कुणाची मोडतेय?" ट्वायला म्हणायची.

डेल्मर गेला त्या हिवाळ्यात तिच्याकडे त्याचा एकच दगड उरला. झाडाचा ओंडका, युगानुयुगं मातीत राहून दगड झालेला, आतून लाल आणि पिवळा. एका रँचवाल्याकडून घेतलेला. "हा माझ्या थडग्यावर ठेव," असं डेल्मर सांगून गेला होता. थडगं गावाकडे, दगड इथे.

मुलगा डॅरिल विमानाने आला. गावच्या धान्यकोठारावर काट्याच्या खिडकीत बसतो तो, शेतकऱ्यांचे गव्हाचे ट्रक तोलतो. आडवातिडवा, मनाने लोणी.

"आई, तू चालवायचं नाहीस. मी चालवतो. आणि आधी काट्यावर जायचं. काटा नको म्हणाला तर दगड इथेच राहील आणि कॅम्पर विकायचा. कबूल?"

"कबूल. काटा म्हणेल तसं."

मग ट्वायलाने घर हलकं करायला घेतलं. कपडे धुण्याचं यंत्र दिलं, आरामखुर्ची दिली, पाण्याची टाकी रिकामी केली. आजीपासून चालत आलेला, लेफ्से म्हणजे नॉर्वेकडच्या बटाट्याच्या भाकऱ्या भाजायचा लोखंडी तवा माझ्या दारात आणून ठेवला. तो तवा तिने कुणाला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

"अगं, हा तरी ने," मी म्हटलं.

"एक तर दगड जाईल, नाहीतर तवा, मेविस. भाकरी काय, कशावरही भाजता येते."

दगड तिने नाकातून काढून कॅम्परच्या चाकांच्या बरोबर वर ठेवून घेतला. फार मागेही नाही, नाहीतर रस्त्यावर शेपूट हलतं. पट्ट्यांनी असा आवळला की पाळण्यातलं मूलच.

ज्या ट्रकथांब्यावर काटा होता तिथे मी माझी छोटी गाडी घेऊन मागोमाग गेले, कारण दगड वजनात बसतो का ते मला पाहायचं होतं. डॅरिल चालवत होता, ट्वायला शेजारी. दोघं काट्यावरून उतरली. डॅरिलने चिठ्ठी वाचली आणि टोपी काढली.

"आई, कॅम्पर ठीक आहे. पण ट्रक दोनशे पौंड जास्त भरलाय." त्याने चिठ्ठी खिशात घातली. "चल, दगड उतरवू."

"दगड कॅम्परच्या चाकांवर आहे रे. तो उतरवून ट्रकच्या पाठीवरचं काय कमी होणार? ट्रकमध्ये काय आहे ते बघ."

"ट्रकमध्ये काहीच नाही. तू आणि मी."

"हं," ट्वायला म्हणाली. आणि थांबली.

असा थांबा साधायला मला रंगमंचावर दहा वर्षं लागली होती.

"तुझं वजन किती रे?"

"आई!"

"खिडकीत बसून सगळ्या गावाला विचारतोस ना?"

"दोनशे... ऐंशी. बूट धरून."

"मग उतर."

"अगं, मी तुला घेऊन जायला आलोय!"

"ट्रकच्या दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलंय, माणसं आणि सामान मिळून इतकंच. मुलगा असेल तर सूट, असं कुठे लिहिलेलं नाही. आणि आधी काट्यावर जायचं, हे कोण म्हणालं होतं?"

डॅरिलने माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे पाहिलं. मग तो उतरला. ट्वायलाने उशी सारखी केली, नवऱ्याची टोपी डोक्यावर दाबली, आणि ते अख्खं घर मागे घेऊन, एकटी, पुन्हा काट्यावर चढली. पडदा वर गेला होता.

डॅरिल धावत जाऊन चिठ्ठी घेऊन आला. दोनदा वाचली.

"बसतंय," तो म्हणाला. "मर्यादेच्या आत बसतंय."

मग काय, तो माझ्या गाडीत, गुडघे हनुवटीला लावून, आणि आम्ही तिच्या मागे, थेट नॉर्थ डकोटापर्यंत. पहिल्या मोठ्या घाटाच्या माथ्यावर त्याने डॅशबोर्ड घट्ट धरला.

"आता ब्रेक दाबून धरेल बघा. बाबा असंच करायचे, चाकांतून धूर यायचा." थोड्या वेळाने, "नाही दाबला. गिअर आधीच खाली घेतलाय." आणखी खाली आल्यावर, अगदी हळू, "मेविसकाकू, मी यापेक्षा बरा चालवला नसता हो."

पुढे पेट्रोल भरायला थांबलो. तिथल्या माणसाने विचारलं, एवढं धूड कोण चालवतंय? डॅरिलने बोट दाखवलं. "ती उशीवाली. माझी आई आहे."

दगड आता डेल्मरच्या उशाशी आहे. पाऊस पडला की लाल रंग उजळतो. त्या उन्हाळ्यात मी गव्हाच्या हंगामापर्यंत तिथेच राहिले, आणि एकदा डॅरिलचा डबा द्यायला धान्यकोठारावर गेले. काट्यावर एक शेतकरी गयावया करत होता, "थोडंच जास्त आहे रे, सोड की! ओळखीचा माणूस मी."

डॅरिलने खिडकीतून मान बाहेर काढली.

"ओळखीचा? माझ्या आईने मला काट्यावरून खाली उतरवलंय, काका. तुमचा गहू कोण लागून गेला? घ्या मागे."