सासऱ्यांचं गंधक

जगातल्या यच्चयावत दुखण्यांचं मूळ शरीरात गंधक कमी पडण्यात आहे, असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि नेमकं त्याच्याच मुलीशी लग्न केलं. कळंबच्या त्या घरी मुलगी बघायला गेलो तेव्हा मला याची कल्पना नव्हती. पोहे झाले, चहा झाला. आता पगार विचारतील, शेती विचारतील म्हणून मी तयारीत बसलो होतो. तेवढ्यात मुलीचे वडील, कपाळावर भस्माचे ठसठशीत पट्टे ओढलेले आप्पा, खुर्ची सरकवून माझ्या अगदी पुढ्यात आले आणि म्हणाले, "हात बगू." लिंगायत घर, देवाधर्माचं, हस्तरेषा बघत असतील असं वाटून मी तळवे पुढे केले. "तसे न्हाय, पालथे." मग बाजारात सोयाबीनचा दाणा पारखावा तसं एकेक नख त्यांनी अंगठ्यानं दाबून बघितलं, मान वर करून माझ्या केसांवरून नजर फिरवली आणि समाधानानं म्हणाले, "नखं कडक हायेत, केसबी दाट हायेत. सिस्टीन बरं दिसायलंय." माझ्या काकांना कानानं जरा कमी येतं. ते उत्साहानं म्हणाले, "हो हो, आमच्या घरची सिस्टीम पहिल्यापासूनच चांगली आहे!" लग्न ठरलं. पुढे वर्षागणिक माझे केस विरळ होत गेले तेव्हा सासऱ्यांच्या नजरेत जो भाव यायचा, तो वाईट बियाणं गळ्यात पडलेल्या शेतकऱ्याचा असायचा. पण बोलून कधी दाखवलं नाही त्यांनी.

आप्पांचं कळंबला खताबियाण्याचं दुकान. खतकंपनीनं दुकानदारांसाठी ठेवलेल्या एका मेळाव्यात, जेवणाआधीच्या भाषणात, कुणा तज्ज्ञानं सांगितलं की सोयाबीनला गंधक दिलं की दाण्यातलं प्रथिन सुधारतं, कारण प्रथिनातली काही अमिनो आम्लं गंधकाशिवाय बनतच नाहीत. बाकीचे दुकानदार जेवायला उठले. आप्पा मात्र त्या तज्ज्ञाला धरून बसले आणि पिकावरून माणसावर कधी आले ते त्या बिचाऱ्यालाही कळलं नसावं. तिथून परतले ते सिस्टीन आणि मेथिओनीन ही दोन नावं घेऊन, आणि देवाचं नाव घ्यावं तशी ती अखंड घेत राहिले. नंतर पुस्तकं आणली, माझ्या बायकोकडून मोबाईलवर वाचून घेतलं, ओळखीच्या औषधदुकानदाराचं डोकं खाल्लं. युरिया न्यायला आलेला शेतकरी मग पोत्यावर बसून अर्धा तास ऐकायचा. "तुझा नांगराचा फाळ पडून पडून गंजतो का न्हाय? तसा माणूस आतून गंजतो बाबा. श्वास घेतला की गंज आलाच. त्याला उतारा म्हणून देवानं शरीरातच एक चीज करून ठेवलीय. ग्लुटाथायोन!" हा शब्द ते थांबून, तोंड नीट करून उच्चारायचे. "आन् ते बनवायला सिस्टीन लागतं. सिस्टीन कमी पडलं तर मेथिओनीनपासून बनवून घेतं शरीर. समजलं का?" शेतकरी मान डोलवायचा. एक जण तर इतका प्रभावित झाला की दुसऱ्या दिवसापासून मेथी खाऊ लागला. सकाळी मेथी, संध्याकाळी मेथी. बरेच दिवसांनी दुकानात येऊन तो म्हणाला, "आप्पा, लई फरक हाय. पर बायको बेजार झालीय, आता दुसरी भाजी सांगा." आप्पांनी कपाळावर हात मारला, भस्माचा एक पट्टा पुसला गेला, आणि पहिल्यापासून पुन्हा समजावून सांगितलं.

त्यांची सगळ्यात मोठी अडचण अंडं ही होती. गंधकवाली ही आम्लं अंड्यात भरपूर, आणि आप्पांच्या गळ्यात लिंग. अंडं खाण्याचा प्रश्नच नव्हता. पण खायचं नाही म्हणून त्याचं कौतुक करायचं नाही, असं त्यांना कुठल्या शास्त्रात सापडलं नव्हतं. संध्याकाळी बसस्टँडजवळच्या आम्लेटच्या गाडीसमोर ते हात मागे बांधून उभे राहायचे आणि तव्याकडे एकटक बघायचे. गाडीवाला नवीन होता. त्यानं हळूच विचारलं, "आप्पा, कागदात बांधून देऊ का? कुणाला कळणार न्हाय." आप्पा ताडकन म्हणाले, "आरं, मी खात न्हाय! नुसतं बगायलोय. पर तू काय विकायलास ते तुला तरी ठाऊक हाय का?" आणि हातात प्लेटी घेतलेली गिऱ्हाइकं त्यांच्याभोवती गोळा झाली. ही बातमी घरी पोचली ती अर्धवटच, म्हणजे आप्पा अंड्याच्या गाडीवर दिसले एवढीच. सासूबाईंनी चार दिवस अबोला धरला. माझ्या बायकोनं मध्यस्थी केली तेव्हा कुठं त्यांना वेगळं ताट वाढणं बंद झालं.

अंड्याची कसर मग तिळानं आणि लसणानं भरून निघाली. भाकरीवर तिळाची चटणी, वरणावर तिळाची चटणी, एकदा तर पुरणपोळीवरसुद्धा. सकाळी उठल्याबरोबर कच्च्या लसणाच्या पाकळ्या. एसटीत त्यांच्या शेजारची जागा पुढचं येरमाळा गाव यायच्या आत रिकामी होते असा माझ्या बायकोचा अनुभव आहे. ते मात्र पाय पसरून बसायचे आणि म्हणायचे, "लोकं लई चांगली हायेत. म्हातारा बघून जागा देतात."

यानंतर आल्या कॅप्सूल. औषधदुकानदार मित्रानं कुठून तरी सिस्टीनच्या कॅप्सूलची बाटली आणून दिली. ती उघडली की जळक्या काडीचा आणि नासक्या अंड्याचा मिळून एक वास यायचा आणि घरातलं मांजर उठून अंगणात जायचं. आप्पांना तो वास उदबत्तीसारखा वाटे. आल्यागेल्याला सुपारीऐवजी कॅप्सूल पुढे व्हायची. मी जावई असल्यानं माझ्यावर विशेष लोभ. त्यांची पाठ वळली की मी ती अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी दाबून टाकत असे. त्या वर्षी कढीपत्ता असा काही फोफावला की आप्पा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बगा जावईबापू, घरातली हवासुद्धा सुधारली!"

एकट्या सासूबाईच त्यांना दाद द्यायच्या नाहीत. "जन्मभर खतं विकली, आता बायकोच्या पोटात टाकायलाव व्हय?" असं म्हणून त्या कॅप्सूल परत करायच्या. त्यांचा विश्वास तापाच्या पांढऱ्या गोळीवर होता. डोकं दुखलं, पाठ दुखली, कुणी टाकून बोललं तरी एक गोळी. दुखतंय असं त्या कुणाला सांगत नसत. गोळी घ्यायच्या आणि भाकरी थापायला बसायच्या.

गेल्या श्रावणात घरी पूजा होती आणि पाहुण्यांनी घर भरलं होतं. सासूबाईंची दाढ ठणकत होती. एका गोळीनं थांबेना म्हणून दुसरी, दुसरीनं भागेना म्हणून तिसरी. त्यात किराणा दुकानातून सर्दी-अंगदुखीच्या पुड्या आणवल्या. त्यातही तेच औषध होतं, फक्त नाव वेगळं. चावता येत नव्हतं म्हणून जेवण जवळजवळ बंद. वर सोमवारचा उपास. पाहुणे गेले आणि त्यांना उलट्या सुरू झाल्या. अन्न बाधलं असेल असं सगळ्यांना वाटलं. कळंबच्या डॉक्टरांनी डोळे बघितले, पिवळे दिसले. त्यांनी रक्त तपासलं आणि लगेच लातूरला न्यायला सांगितलं. आम्ही धाराशिवहून परस्पर तिथं पोचलो तेव्हा सासूबाई खाटेवर डोळे मिटून पडल्या होत्या आणि आप्पा भिंतीला टेकून उभे होते. कपाळावर भस्म नव्हतं. लग्नानंतर मी त्यांचं कपाळ मोकळं पहिल्यांदाच बघत होतो.

तरुण डॉक्टरीणबाई होत्या. आवाज शांत, पण घाईत. "काका, या कुठल्या गोळ्या घेतात?"

आप्पा म्हणाले, "तापाच्या."

"किती घेतल्या? कधीपासून?"

आप्पा खाटेकडे बघू लागले.

"कशासाठी घेत होत्या? ताप होता का?"

आप्पांनी माझ्या बायकोकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं. अख्ख्या कळंब तालुक्याच्या ग्लुटाथायोनची काळजी वाहणाऱ्या माणसाला आपल्या बायकोची दाढ दुखतेय हे ठाऊक नव्हतं. शेवटी सासूबाईंनीच डोळे न उघडता गालाला बोट लावलं आणि म्हणाल्या, "दाढ." मग थांबत थांबत गोळ्यांचा हिशेब सांगितला.

डॉक्टरीणबाईंनी नर्सला भराभर काही सांगितलं. नर्सनं औषधाची कुपी फोडली आणि तो ओळखीचा वास खोलीभर पसरला. आप्पांनी मान वर केली. सलाईनमध्ये औषध जाताना ते बघत राहिले आणि अगदी हळू म्हणाले, "सिस्टीन हाय का हे?"

बाई थबकल्या. "हो. एन-अॅसिटिल सिस्टीन. या गोळ्या जास्त झाल्या की यकृतातलं ग्लुटाथायोन संपून जातं. ते परत बनावं म्हणून देतो. पण काका, तुम्हाला कसं माहीत?"

माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला. आता सुरू होणार, नांगराच्या फाळापासून सगळं, असं आम्हा दोघांनाही वाटलं. आणि खरं सांगतो, ते सुरू व्हावं असंच आम्हाला वाटत होतं. पण आप्पा एवढंच म्हणाले, "ऐकलंय कुटंतरी."

दुपारी बाई पुन्हा फेरीला आल्या तेव्हा आप्पांनी एकच प्रश्न विचारला. "म्या हिला हे रोज द्यायचो, ती घ्यायची न्हाय. घेतलं असतं तर वाचली असती का या फेऱ्यातनं?"

बाई त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. "तसं मला सांगता येणार नाही काका. रोज खाल्ल्यानं माणूस निरोगी राहतो असा भरवशाचा पुरावा नाही. इथं ते औषध आहे, ठरावीक मापानं, ठरावीक वेळेत द्यायचं. आणखी लवकर आला असतात तर मला कमी भीती वाटली असती. दाढ दुखतेय हे आधी कळायला हवं होतं."

"व्हय," आप्पा म्हणाले.

सासूबाई बऱ्या झाल्या. रक्ताचे आकडे हळूहळू खाली आले, डोळ्यांचा पिवळेपणा गेला, आणि ज्या दिवशी त्यांनी दवाखान्याच्या वरणाला नावं ठेवली त्या दिवशी घरी सोडलं. आम्हाला वाटलं होतं, आता आप्पा कळंबात ढोल वाजवतील. ज्याला आयुष्यभर हसलात त्याच गंधकानं बायको वाचली असं प्रत्येक पोत्यावर बसून सांगतील. घडलं उलटंच. कॅप्सूलची बाटली घरातून गेली. शेतकरी युरिया न्यायचे, सवयीनं क्षणभर घुटमळायचे आणि निघून जायचे. मेथीवाला एकदा मला वाटेत थांबवून म्हणाला, "आप्पाला बरं न्हाय का? कायच सांगंनात."

आप्पांनी आता निराळाच छंद लावून घेतला आहे. दिवसातून दहा वेळा ते सासूबाईंना विचारतात, "काय दुखायलंय का?" दाढ काढायला ते स्वतः घेऊन गेले आणि दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीला टेकून उभे राहिले. डॉक्टर म्हणाले, बाहेर बसा. हे म्हणाले, "बसतो, पर ती सांगत न्हाय कुणाला. दुखलं तर तुमीच तोंडाकडं बगून वळखा." सासूबाई वैतागतात. "ह्याच्यापरीस ते गंधक बरं होतं," असं त्या शेजारणीला सांगतात. पण मागच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा मी पाहिलं, आप्पांना दुकानातून यायला उशीर झाला की सासूबाईंची नजर सारखी दाराकडे जाते. आणि ते येऊन विचारतात तेव्हा आता त्या खरं उत्तर देतात. "गुडघा. जिना चढताना." मग आप्पा शेजारी बसतात आणि गुडघ्याबद्दल काही म्हणजे काही सांगत नाहीत.

परवा सकाळी त्यांचा मला फोन आला. पाऊसपाणी, बाजारभाव वगैरे बोलून झालं. जुना आवाज ऐकायला मिळेल म्हणून मी वाट बघत होतो. तिळाची चटणी खाता का, एवढं जरी विचारलं असतं तरी मला आनंद झाला असता.

"जावईबापू," ते म्हणाले, "पोरगी आईवर गेलीय. सांगायची न्हाय. तुमी तेवढं विचारत जावा."

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याशी कणीक मळत होती.

"तुझं काही दुखतंय का गं?" मी विचारलं.

"कुठं काय," ती म्हणाली. परातीतला हात चालूच होता. मी तिथंच उभा राहिलो. जरा वेळानं हात थांबला.

"खांदा," ती म्हणाली. "दिवाळीपासून."