सर्वेक्षणाचे पोहे

मी अकरावीत होते. एका दुपारी आमच्या कोडोलीच्या घरी दोन बायका आल्या. एकीच्या हातात टॅबलेट, दुसरीच्या काखेत वजनकाटा. किशोरवयीन मुलींची गरिबी आणि खुशाली मोजायला आलोय, असं त्यांनी दारातच सांगितलं. आमच्याच घरी राहणाऱ्या माझ्या आत्तीला ऐकू आलं ते एवढंच, की मुलीला भेटायचंय.

"स्थळ हाय," ती आईला म्हणाली.

"अवो, सोळाची हाय ती! आणि काटा कशाला आणतील?"

"आता समदं बघून घेत्यात."

शेजारणीचा मिक्सर आमच्या स्वयंपाकाच्या कट्ट्यावर आला, तिची स्कूटर आमच्या दारात लागली, मला आईची जरीची साडी नेसवली. तशीच काट्यावर चढले, तर बाई म्हणाल्या, "साडी बदलून ये. वजन चुकतंय."

"लई कडक माणसं," आत्ती खूश.

पोहे आले. प्रश्न सुरू झाले.

"घरात मिक्सर?"

"हाय की!"

"गाडी?"

"दोन!"

मग टॅबलेटवाल्या बाई म्हणाल्या, या माहितीवरून गरीब मुलींसाठी योजना ठरतील. आत्तीचा चेहरा बदलला.

"आसं व्हय? मग मिक्सर शेजारणीचा. गाडीबी तिचीच. आमचा फॅनसुदीक फिरत न्हाय."

फॅन डोक्यावर गरगरत होता. आत्तीनं उठून बटण बंद केलं. "बघा."

पुढचे प्रश्न मला एकटीला विचारायचे होते. एकांत मिळाला तो गोठ्यात, म्हशीशेजारी.

"तुझ्या लग्नाचं कोण ठरवणार? तू, आईवडील की इतर?"

"इतर!" पत्र्याच्या पलीकडून आत्ती ओरडली.

"मी," मी म्हणाले. माझाच आवाज मला मोठा वाटला. बाईंनी तेच टिपलं आणि विचारलं, "गेल्या आठवड्यात तुला कधी आनंद झाला?"

मला हसू आवरेना. तेवढ्यात आत्ती आत आली. आता भांडणार, असं वाटलं. पण ती चाऱ्याच्या पेंढीवर बसली.

"ह्यो आनंदाचा मलाबी इचारा."

"मावशी, हे फक्त मुलींसाठी आहे."

"मी सोळाची हुतो, कडेवर पोर हुतं. तवा तुमी कुठं हुतासा?"

बाईंनी टॅबलेट बाजूला ठेवला आणि तिलाही तसंच विचारलं. आत्तीनं बराच विचार केला.

"शनवारी बरं वाटलंतं," ती म्हणाली. "कशानं, ते न्हाय आठवत."